बाहेरून काही दिसता कामा नये

येरवड्याच्या पुढे आमच्या मागे रुग्णवाहिका लागली, तेव्हा माझा नवरा मला एका स्क्रूची गोष्ट सांगत होता. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला जे स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यावर मूळ एक आडवी खाच होती. पुढे कोणा मेकॅनिकने त्यातला एक बदलून फुलीची खाच असलेला बसवला, आणि हे पाप लक्षात यायला आपल्याला अकरा वर्षं लागली, असा त्या गोष्टीचा सारांश. मागे भोंगा वाजत होता. मी म्हटलं, "अहो, बाजूला घ्या." ते म्हणाले, "हो ना." आणि गोष्ट पुढे चालू. अलीकडे बऱ्याच गोष्टींना ते "हो ना" म्हणत असत. शेवटी शेजारच्या रिक्षावाल्याने हात बाहेर काढून आमच्या छपरावर थाप मारली, तेव्हा कुठे गाडी डावीकडे गेली आणि रुग्णवाहिका पुढे निघाली.

"हल्ली आवाज न करता येतात," ते म्हणाले.

वाघोलीला माझी धाकटी बहीण राहते. दर रविवारी सकाळी शनिवार पेठेतून निघून तिच्याकडे नाश्त्याला जायचं आणि दुपारच्या जेवणाला परत घरी यायचं, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम. बहिणीपेक्षा गाडीला फिरवून आणणं हा त्यामागचा हेतू आहे हे बहिणीलाही माहीत आहे. गाडी सासऱ्यांची. त्यांच्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोन जातींच्या गाड्या दिसत, एक गोलमटोल आणि एक चौकोनी. आमची चौकोनी. ती धुतली जाते, पुसली जाते, आणि पुसल्यावर तिच्यावर जी चादर घातली जाते ती आमच्या पाहुण्यांच्या चादरीपेक्षा बरी आहे. तिच्यातल्या रेडिओला माझ्या नवऱ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. लग्न झालं तेव्हा सासऱ्यांशिवाय कोणी लावायचा नाही असा नियम होता. मालक बदलला, नियम राहिला.

त्या रविवारी परतताना मी ठरवून मोठ्याने म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही. कान दाखवून घ्या."

"मला सगळं ऐकू येतं. तू पुटपुटतेस."

हे मात्र अर्धं खरं होतं. मी पुटपुटते. तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यावर माणूस दुसरं काय करणार? शिवाय त्यांचे कान मंदावल्यापासून मला शेजारच्या सीटवर बसून काय वाटेल ते बोलायची मुभा मिळाली होती. चौकाचौकातल्या फलकांवरचे हात जोडलेले पुढारी, नव्या इमारतींची इंग्रजी-इटालियन नावं, आणि स्क्रूच्या गोष्टी, या सगळ्यांवरची माझी मतं मी खिडकीबाहेर बघत बिनधास्त मांडत असे. उत्तर "हो ना" असंच येई. लोक समजतात तितकं हे वैवाहिक जीवन वाईट नव्हतं.

पण रुग्णवाहिकेनंतर मला झोप आली नाही. सकाळी चहाबरोबर मी सांगून टाकलं, की जानेवारीत जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, त्याला मी ठरल्याप्रमाणे नऊवारी नेसून शेजारी बसेन. त्यानंतर कान तपासल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही, आणि तुम्हीही चालवायची नाही. किल्ली माझ्याकडे.

त्यांनी पेपर खाली ठेवला. रविवार बंद म्हणजे काय हे त्यांना नीट कळलं होतं. त्यांनी दोन दिवस विचार केला, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दुखण्याचं मूळ सापडलं.

"रेडिओ," ते म्हणाले. "गाडीतला रेडिओ खराब झालाय. नुसती खरखर. त्या खरखरीत बाहेरचं काही ऐकू येत नाही. तो बदलला की प्रश्न मिटला."

"आणि घरातला टीव्ही?"

"तोही जुनाच आहे."

मी वाद घातला नाही. माणूस कानांपर्यंत यायला तयार नसेल तर निदान रेडिओपर्यंत तरी येऊ दे, असा हिशेब केला. शिवाय रेडिओ बदलायचा हा विचार त्यांच्या तोंडून यावा, हे आमच्या घरात धर्मांतराइतकं मोठं होतं. अर्थात त्याला अट होती. आत काहीही करा, बाहेरून काही दिसता कामा नये. त्याच कळा, तीच दोन चकचकीत बटणं, काच तीच, आकडे तेच, काटाही तसाच सरकला पाहिजे. मेळाव्यात गाड्या तपासणारे परीक्षक असतात. त्यातल्या एकाने मागे कोणाच्या तरी गाडीला आरशाची काच नवी आहे म्हणून शेवटच्या नंबरावर बसवलं होतं. त्या परीक्षकाबद्दल आमच्याकडे देवासारखं बोललं जाई, म्हणजे भीतीने.

हडपसरला गावठाणातल्या एका गल्लीत असं काम करणारे एक गृहस्थ आहेत, असं कळलं. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे. वडिलांचं कांद्याचं रान होतं तिथे आता वीस मजली इमारती आहेत, आणि त्यांच्याच समोर स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर हे टेबल मांडून बसतात. टेबलावर एक जुनं बिडाचं आप्पेपात्र होतं. सेट खोलला की स्क्रू त्यात जायचे, पुढचे पुढच्या खळग्यात, मागचे मागच्या. मी आयुष्यभर पुस्तकांचं वर्गीकरण केलं, पण इतकी सोपी पद्धत मला सुचली नव्हती.

त्यांच्या कामाची एक रीत होती. सेट आला की आधी तो लावायचा, डोळे मिटायचे आणि दहा मिनिटं नुसतं ऐकायचं. तोवर गिऱ्हाईकाने बोलायचं नाही. आमचा रेडिओ गाडीतून काढून त्यांनी टेबलावर बॅटरीला जोडला आणि डोळे मिटले. माझा नवरा समोरच्या खुर्चीत, बाळाला डॉक्टरकडे आणलेल्या आईसारखा. दहा मिनिटांनी ते डोळे उघडून म्हणाले, "काका, ह्याचा आवाज चांगला हाय की."

"खरखरतो," नवरा म्हणाला.

"ती खरखर बाहेरची. दिव्यांची, चार्जरची. पूर्वी एवढं नव्हतं हो. अन् ह्याच्यावर आता ऐकायला स्टेशनं तरी कुठं उरली? पण सेट म्हणाल तर तब्येतीनं खणखणीत हाय."

मग ते चहा आणायला उठले. येताना नवऱ्याच्या खुर्चीच्या मागच्या बाजूने आले आणि विचारलं, "काका, साखर चालते ना?" उत्तर नाही. "काका, साखर?" नवरा समोरच्या आप्पेपात्रातले स्क्रू मोजत होता. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"काकू," ते हळू आवाजात म्हणाले, "मी रेडिओचं करतो काम. पण तुम्हाला पायजे ते काम माझ्याकडं होत न्हाई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तुम्ही तुमचं करा."

त्यांनी केलं, आणि छान केलं. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा बाहेरून रेडिओ अगदी तोच होता, फक्त जरा अंघोळ घातल्यासारखा. आतलं जुनं यंत्र त्यांनी बिस्किटांच्या डब्यात कापूस घालून परत दिलं. "हे टाकू नका, काका. उद्या कुणाला मूळ पायजे असलं तर परत बसवता येतंय." आत नवी, तळहाताएवढी पट्टी बसवली होती. ती ब्लूटूथने फोनशी जोडली जाई. काटा पूर्वीसारखाच दोऱ्यावर सरके, पण आता तो फक्त शोभेचा. आमच्या काही संस्थांचे अध्यक्ष असतात तसा.

मला हे पाहून आमच्या ग्रंथालयातला बुकबाइंडर आठवला. फाटकं पुस्तक घेऊन जायचा, शिवण नवी घालायचा, अस्तर नवं लावायचा आणि वर जुनंच मुखपृष्ठ चिकटवायचा. वाचणाऱ्याला पान निसटत नाही एवढंच कळायचं. उलट कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या दुर्मीळ पहिल्या आवृत्त्या, ज्यांच्यापुढे पाहुणे हात जोडून उभे राहत, त्यातल्या काहींची पानं कडेने कापलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे शंभर वर्षांत कोणी वाचली नव्हती. मूळपणाबद्दल माझं मत तेव्हापासून जरा थंड आहे.

"डावं बटण फिरवलं की आवाज," गृहस्थ समजावत होते. "अन् दाबलं की फोन उचलला जातो. म्हणजे गाडी चालवताना फोनला हात लावायला नको."

"फोनबिन मला नको," नवरा म्हणाला. "माझा फोन त्याला जोडायचा नाही. हिचा जोडा. गाणी तेवढी लावेल ती."

मूळ गाडीत आपला फोन शिरू नये, बायकोचा शिरला तरी चालेल, हा बारकावा मी अजून पूर्ण समजून घेतलेला नाही. तर माझा फोन जोडला. आवाज किती ठेवायचा ते ठरवताना नवरा "अजून थोडा" म्हणत राहिला आणि बटण फिरत राहिलं. समोरच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या.

"हां," नवरा समाधानाने म्हणाला. "आता कसं स्पष्ट येतंय. बघितलंस? रेडिओच होता."

मेळाव्याचा दिवस आला. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांना सांगते, की एका मोठ्या मैदानात पन्नास-साठ जुन्या गाड्या ओळीने उभ्या असतात आणि त्यांच्या शेजारी त्यांच्याहून थोडे नवे मालक. पुरुषांनी फेटे बांधलेले, एरवी बँकेत अर्ज भरायलाही चष्मा विसरणारे, इथे मात्र लांबून स्क्रू ओळखणारे. बायका नऊवारीत, नथ सावरत, उन्हात. प्रत्येक जण दुसऱ्याच्या गाडीभोवती फिरून "वा" म्हणतो आणि पुढे गेल्यावर मुलगी बघून निघालेले कुजबुजतात तसं "दिवे नवे आहेत" असं कुजबुजतो. मी आमच्या गाडीत डावीकडे बसले होते. बटव्यात फोन, त्यावर जुन्या गाण्यांची यादी सुरू. नवऱ्याने काटा जिथे एके काळी पुणं लागायचं तिथे नेऊन ठेवला होता. सगळं ठरल्याप्रमाणे.

परीक्षक तिघे होते. मधले ते आरशाच्या काचेवाले. उंच, कोट घातलेले, कानांवरून मागे वळवलेले पांढरे, दाट केस, हातात विजेरी आणि दंतवैद्याकडे असतो तसला दांडीचा छोटा आरसा. ते गाडीच्या पोटाखाली वाकले, इंजिनात वाकले, दाराशी वाकले. दाराचे स्क्रू पाहून त्यांनी मान हलवली. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, की अकरा वर्षांचं सार्थक झालं.

"रेडिओ मूळ?" त्यांनी विचारलं.

"बघा ना," नवरा म्हणाला. हे उत्तर नव्हे, पण खोटंही नव्हे.

त्यांनी विजेरीचा झोत टाकला. आरसा कळांच्या फटीत घातला. काच पाहिली, आकडे पाहिले. "उत्तम," ते म्हणाले. "चालतो?"

नवऱ्याने बटण फिरवलं. जुनं गाणं मैदानभर झालं. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी नथीवरचा हात काढून कानावर ठेवला. परीक्षकांनी हसून मान डोलावली, आणि त्याच वेळी गाणं थांबून माझ्या फोनची घंटी त्या पन्नास वर्षांच्या रेडिओतून घणघणू लागली. मी बटवा चाचपला. बटव्याची नाडी काठाच्या निऱ्यांत अडकली होती. नवऱ्याला वाटलं स्टेशन सरकलं. स्टेशन सरकलं की त्यांचे वडील जे करत ते त्यांनी केलं, डाव्या बटणावर एक चापट मारली.

बटण दाबलं गेलं. फोन उचलला गेला.

"ताई!" माझी बहीण मैदानाला म्हणाली. "काय गं, भाऊजींनी कान दाखवले का? का अजून रेडिओच दुरुस्त करतायत?"

मी नाडी ओढत होते.

"हॅलो? हे बघ, मेळावा झाला की किल्ली काढून घे म्हणजे घे. विरघळू नकोस. उद्या कोणाला धडक दिली तर भाऊजी स्क्रू मोजत बसणार आहेत का? ... आणि मी विचारलं असं सांगू नको हं त्यांना."

मला शेवटी फोन सापडला आणि मी तो बंद केला. मैदानात क्षणभर इतकी शांतता झाली की लांबच्या वडापाववाल्याचं तेल ऐकू आलं. मग तीन गाड्या पलीकडे कोणीतरी हसलं, आणि ते हसू गाडीगाडीने पुढे गेलं.

माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. लग्नानंतर मी तो चेहरा अनेक प्रकारे पाहिला आहे, पण असा नाही. गेल्या तीन-चार वर्षांत प्रथमच माझ्या बहिणीचं एक अख्खं वाक्य त्यांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्पष्ट ऐकू आलं होतं. त्यांना राग येत नव्हता. ते काहीतरी मोजत होते. बहुधा त्या वाक्याआधीची, न पोचलेली वाक्यं.

"आत नवीन आहे," ते परीक्षकांना म्हणाले. "बाहेरचं सगळं मूळ आहे."

"कळलं ते," परीक्षक म्हणाले. त्यांनी कागदावर काही लिहिलं आणि बरोबरच्या दोघांना पुढच्या गाडीकडे पाठवलं. मग ते आमच्या खिडकीत वाकले. मला वाटलं, आता आरसा काढतात. त्यांनी डाव्या कानावरचे केस बोटाने वर केले. कानामागे राखाडी रंगाचं, चिंचोक्याएवढं काहीतरी होतं आणि त्याची बारीक तार आत गेली होती.

"मघापासून इथे उभा आहे मी," ते म्हणाले. "दिसलं?"

"नाही," नवरा म्हणाला.

"मग?"

परीक्षकांनी केस खाली सोडले, त्यावरून हात फिरवला आणि सरळ उभे राहिले.

"रेडिओचे गुण कापावे लागतील. नियम आहे," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीच्या पोटाखाली वाकले.

आम्ही बाराव्या नंबरावर आलो. घरी येताना गाडी मेळावा बघायला आलेल्या माझ्या भाच्याने चालवली, कारण किल्ली माझ्याकडे होती. नवरा मागे बसला. जिना चढल्यावर फेटा काढून खुंटीला लावताना म्हणाला, "उद्या फोन कर. त्या कानवाल्यांना." पाठ माझ्याकडे होती. मी विरघळले नाही, पण जरा कठीण गेलं.

कान तपासणारी मुलगी तिशीची होती. तिने आलेख काढून दाखवला, उजवा कान जरा बरा, डावा बराच मागे. नवऱ्याने आलेख शांतपणे पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. "आत काय बसवायचं ते तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "मला त्यातलं कळत नाही. पण बाहेरून काही दिसता कामा नये."

"गाडीच्या रेडिओलाही यांनी हीच अट घातली होती," मी म्हटलं.

"मग कसा झाला रेडिओ?" मुलीने विचारलं.

"बारावा आला," नवरा म्हणाला.

पुढचा आठवडा त्यांनी घरात आवाज शोधण्यात घालवला. फ्रिज बोलतो हे त्यांना नव्याने कळलं. वरच्या मजल्यावर कोणी पेटी शिकतं आहे आणि शिकू नये, हेही कळलं. टीव्हीचा आवाज त्यांनी स्वतः कमी केला आणि मी फार जोरात बोलते अशी तक्रार केली. मी किल्ली परत दिली.

रविवारी वाघोलीला निघालो. पूल ओलांडून पुढे येईपर्यंत ते कपाळाला आठ्या घालून गाडी चालवत होते.

"हे काय टकटकतंय?"

"इंडिकेटर. तो वळल्यावर बंद करायचा असतो."

"आणि ही दाराची खडखड?"

"ती पहिल्यापासून आहे."

"अकरा वर्षं फुलीचा स्क्रू होता, त्यामुळे असेल," ते म्हणाले. मग रेडिओकडे हात नेला आणि आवाज कमी केला, इतका कमी की मला गाणं ओळखू येईना. मागून एका बसने भोंगा दिला. त्यांनी लगेच गाडी डावीकडे घेतली, जरा जास्तच तत्परतेने, आणि माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाहिल्याचं त्यांना ठाऊक होतं.

येरवड्याच्या पुढे चौकात एक नवा फलक लागला होता. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा घेणारा एक, आणि देणारे चाळीस, सगळे फेट्यांत. मी सवयीने खिडकीकडे तोंड करून म्हटलं, की आमच्या मेळाव्यात निदान फेट्यांच्या शेजारी गाड्या तरी खऱ्या असतात, मालकांचं सांगता येत नाही.

"ऐकलं," शेजारून आवाज आला.

सिग्नल सुटला. आम्ही पुढच्या सिग्नलला पोचलो. तिथे गाडी थांबवून त्यांनी हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे विचारलं, "हे किती वर्षं चाललंय?"

"काय?"

"हेच. पुटपुटणं. मी 'हो ना' म्हणायचो, ते कशाकशाला म्हणायचो?"

मी हात पुढे केला आणि त्या रेडिओचा आवाज वाढवला.